इतिहास आणि होळीची पोळी

इतिहास हा शब्द मी छडीबरोबर शिकले. 'इति' म्हणताना छडी वर जायची, 'ह' म्हणताना क्षणभर हवेत थांबायची आणि 'आस' म्हणताना कुणाच्या तरी तळहातावर उतरायची. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, भोरला शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की ओसरीवर आणखी पोरं गोळा करून शिकवायचे, आणि त्या घोळक्यात मीही असायची. मुलगी म्हणून मला शिकवायचं नाही असं त्यांनी कधी म्हटलं नाही आणि मुलगी म्हणून छडी कमी मारावी असंही त्यांना कधी वाटलं नाही.

आबा मूळचे उत्रोलीचे. भाताच्या खाचरात चिखल तुडवत वाढलेलं पोर एका शास्त्रीबुवांच्या हाती लागलं आणि संस्कृत शिकलं, पुढे पुण्याला जाऊन इंग्रजी शिकलं. ते परत आले ते शब्दांचा नाद घेऊनच. जेवताना, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत, गाईची धार निघेपर्यंत त्यांचं शब्दांची मुळं उकरणं चालायचं. मुसलमानी अमलात इतिहासाला तवारीख म्हणत, तवारीख म्हणजे नुसत्या तारखा. बखर म्हणजे खबर उलटी झालेली, असं पुष्कळ लोक म्हणतात. आणि आपला शब्द इति-ह-आस. असं असं खरोखर झालं. हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची, जणू तो शब्द आमच्या आजोबांनीच वावरातून उपटून आणला होता.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका संध्याकाळी मी मध्येच विचारलं, "आबा, असं झालं असं म्हणतो कोण? त्यानं पाहिलेलं असतं का?"

आबांनी माझा हात उलटा धरला आणि बोटांच्या पेरांवर छडी मारली. तळहातावर मारली असती तर एवढं लागलं नसतं.

"प्रश्न मी विचारायचे," ते म्हणाले. "तू उत्तरं द्यायची."

रात्री जेवताना मला भाकरी मोडता येईना. आबांनी ते पाहिलं असावं. बराच वेळ खाली मान घालून जेवले आणि मग आमटीकडे बघत बोलल्यासारखं बोलले. म्हणाले, ग्रीक लोकांनी तुझ्यासारखाच आगाऊपणा केला होता. त्यांच्या भाषेत इतिहासाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थच विचारपूस. चौकशी. आणि त्याच्याही मागचा शब्द म्हणजे पाहणारा, जाणणारा. दोघांचं भांडण झालं की त्याच्याकडे निवाड्याला जायचं, कारण त्याला ठाऊक. आपल्याकडे 'विद्' म्हणजे जाणणं, त्याचाच तो लांबचा भाऊ. इंग्रजांचा शब्द तिथूनच आला. एवढं सांगून त्यांनी माझ्या ताटातली भाकरी स्वतः मोडून दिली. माफी मागायची त्यांची तेवढीच रीत होती. मला मात्र त्या भाकरीचा राग आला आणि मी ती खाल्ली नाही. तो राग पुढे कितीतरी वर्षं मी सांभाळून ठेवला.

मग माझं लग्न झालं आणि मी गुंजवणीच्या खोऱ्यात, वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावी नांदायला गेले. मुलगी शिकलेली आहे म्हणून दोन-तीन ठिकाणांहून नकार आला होता. होकार दिला तो माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण पोथी ऐकायची फार हौस. दुपारी कामं उरकली की ते दाराशी घोंगडी टाकून बसायचे आणि मी आतून वाचायची. पाव्हणा आला की त्याला म्हणायचे, "आमची सूनबाई वाचती. आन वाचती ते खोटं न्हाई वाचत." माझ्या आयुष्यात इतकं मोठं प्रशस्तिपत्र मला नंतर कुणी दिलं नाही.

त्या गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. आम्ही वरच्या आळीचे. दोन्ही आळ्या एकाच रक्ताच्या आणि म्हणूनच एकमेकींच्या रक्ताला टपलेल्या. भांडण एकाच गोष्टीचं होतं. शिमग्याला होळी पेटली की तिच्यात पहिली पुरणपोळी कुणी टाकायची? आमच्या घरात सांगत, आमच्या मूळपुरुषानं गडावर पराक्रम केला, तेव्हा त्याला हा मान मिळाला, आणि खालच्या आळीच्या मूळपुरुषानं तो लबाडीनं लाटला. पाणवठ्यावर खालच्या आळीच्या बायकांकडून मी त्यांची गोष्ट ऐकली. शब्द न् शब्द तीच. फक्त शूर कोण आणि लबाड कोण एवढीच अदलाबदल. मला हसू आलं तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "हसू नगं. ह्या पोळीपायी तुझ्या आजेसासऱ्यांचा डोळा गेलाय."

खरंच गेला होता. मामंजींच्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत एक उभी खूण होती, तीही एका शिमग्याचीच. दर होळीला एखादं डोकं फुटायचं. दुसऱ्या दिवशी घरोघर हळद गरम व्हायची आणि लोक सुजलेल्या तोंडांनी धुळवड खेळायचे. पुरण वाटताना बायका कुणाचं काय फुटेल याचे अंदाज बांधायच्या. मी पहिल्या वर्षी घाबरले, दुसऱ्या वर्षी चिडले आणि तिसऱ्या वर्षी माझंही लक्ष पुरण मऊ झालं का याच्याकडेच होतं. माणूस कशालाही सरावतो, हे मला तेव्हा कळलं आणि बरं वाटलं नाही.

त्या तिसऱ्या वर्षीची ही हकिकत. पहिली पोळी मीच लाटली होती.

आमच्याकडे होळीच्या मधोमध एक उंच दांडा उभा करत. तो रानातून तोडून आणायचं काम डोंगरावरच्या धनगरवाड्यातल्या एका धनगराचं. होळी धडाडून पेटली की दांडा जळून कोसळायच्या आत त्याच्यावर कुऱ्हाडीचा घाव घालून तो पाडायचा, हाही मान त्याचाच. त्याबद्दल त्याला एक पोळी आणि खोबऱ्याची वाटी मिळायची. हा धनगर चाळिशीचा, बुटका, सदा खोकणारा माणूस होता. आळ्यांच्या भांडणाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कुणाची पोळी आधी पडते हे तो बघतसुद्धा नसे, त्याचं लक्ष दांड्याकडे आणि स्वतःच्या पोळीकडे.

दिवस मावळला तशी मारुतीच्या देवळापुढं होळी पेटली. मी देवळाच्या वरच्या पायरीवर आत्याबाईंच्या मागं उभी होते. हलगीच्या तालावर मामंजी ताट घेऊन निघाले आणि त्याच वेळी खालच्या आळीचं ताटही समोरून आलं. ते त्यांच्या कारभाऱ्याच्या थोरल्या मुलाच्या हातात होतं. कारभारी म्हणजे त्या आळीतला मुख्य माणूस, मामंजींच्या वयाचा. पोरगा पंचविशीचा, अंगानं दांडगा, नवी बायको मागं उभी.

"माघारी व्हा," पोरगा म्हणाला.

"तुज्या बापाला हितं आन आन मग बोल," मामंजी म्हणाले.

पोरानं हात उचलला आणि मामंजींच्या ताटावर खालून फटका मारला. पोळी उडाली, मातीत पडली आणि कुणाचा तरी पाय तिच्यावर पडला. पुरण बाहेर आलं. मला अजून ते दिसतं. एवढी जीव लावून लाटलेली पोळी, आणि तिच्यावर टाचेचा ठसा.

पुढं जे झालं ते क्षणात झालं. काठ्या निघाल्या. हलगी वाजवणारा हलगी टाकून पळाला. आमच्या आळीतल्या एकानं होळीतलं जळतं लाकूड ओढून समोरच्याच्या तोंडावर मारलं, तो माणूस दोन्ही हातांनी चेहरा धरून गुडघ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मडकं फुटल्यासारखे आवाज येत होते, आणि ती मडकी नव्हती. एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याचा कान दातांत धरून होता. आमचे हे, माझे यजमान, कुणाच्या तरी छातीवर बसून त्याचं डोकं दगडावर आपटत होते. बायका किंचाळत होत्या, पण एकही बायको आपल्या माणसाला मागं ओढत नव्हती. मीही नाही.

धनगर होळीच्या कडेला कुऱ्हाड घेऊन दांडा कलायची वाट बघत उभा होता. वारा खालच्या आळीकडं होता, सगळा धूर त्याच्या तोंडावर येत होता. तो डोळे मिटून वाकून खोकत होता. मामंजी त्याच्या मागून आले आणि त्याच्या हातातली कुऱ्हाड हिसकून घेतली. त्याला वळून बघायलाही सवड मिळाली नाही. कारभाऱ्याचा मुलगा त्या गोंधळातही ताट सोडून पोळी हातात घेऊन होळीपाशी पोचला होता. तो पोळी टाकायला वाकला. मामंजींनी त्याच्या मानेवर घाव घातला, दांड्यावर घालावा तसा.

तो पुढं कोसळला. अर्धा निखार्‍यावर, अर्धा बाहेर. पोळी त्याच्या हातातून होळीत पडली. त्या वर्षीची पहिली पोळी शेवटी त्याचीच पडली.

मामंजींनी कुऱ्हाड टाकली आणि मान वर केली. समोर पायरीवर मी होते. आमची नजरानजर झाली. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, काही हरवलेलं शोधणाऱ्या माणसासारखा होता. मग ते वळले आणि इतरांसारखेच ओरडायला लागले, "कुनी मारला? आरं, कुनी मारला?"

पोराला बाहेर ओढलं तेव्हा त्याचं एका बाजूचं अंग भाजलं होतं. कुऱ्हाड तिथंच पडली होती. कुणीतरी विचारलं, "कुराड कुनाची?"

"माजी हाय," धनगर म्हणाला. त्याला वाटलं, हरवलेली वस्तू कुणाची म्हणून विचारताहेत. तो ती घ्यायला पुढंही झाला.

त्या गावानं केलेली चौकशी एवढीच.

त्याला देवळाच्या खांबाला बांधला आणि आधी खालच्या आळीनं, मग आमच्या आळीनंही मारला. सकाळी मी पाहिलं तेव्हा त्याचं तोंड कुठं आहे आणि कान कुठं आहे ते कळत नव्हतं. तो एकच सांगत होता, "म्या दांडा तोडायला आलतो. कुराड कुनी वडली म्या न्हाई बगितलं."

धुळवडीच्या त्या सकाळी दोन्ही आळ्यांचे जाणते देवळाच्या पारावर बसले. मुडदा घोंगडीखाली बाजूलाच होता. आमचं दार पारासमोर. मला ताकाची कळशी घेऊन जायला सांगितलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. कारभारी पोरासाठी रडून रडून बसलेल्या आवाजात बोलत होता.

"पोर ग्येलं ते काय येत न्हाई. पर मानाचं काय?"

"मान तुमचा," मामंजी म्हणाले. "हितनं म्होरं पयली पोळी तुमची."

"हितनं म्होरं न्हाई. पयल्यापासनं आमचीच हुती म्हना."

खांबाला बांधलेला धनगर कण्हत होता.

"व्हय," मामंजी म्हणाले. "पयल्यापासनं तुमचीच हुती."

"आन मारला कुनी?"

"धनगरानं."

कारभाऱ्यानं घोंगडीकडं पाहिलं. मला वाटतं त्याला ठाऊक होतं. पण मान पदरात पडत होता, आणि पोरगा तर गेलाच होता. "धनगरानं," तोही म्हणाला. मग एकेक जण तेच म्हणाला, पारावर बसलेला शेवटचा माणूससुद्धा. पोराच्या बायकोला कुणी काही विचारलं नाही. ती भिंतीशी बसली होती आणि तिच्या बांगड्या फोडून झाल्या होत्या.

मी ताक वाटत होते. इति. ह. आस. असं असं खरोखर झालं. आबांनी वर्षानुवर्षं छडी मारून जे शिकवलं ते मला त्या पाराशी एका दमात कळलं.

दुपारी मामंजी दाराशी घोंगडीवर बसले, रोजच्या जागी. पोथी नको म्हणाले. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, धूर लई हुता काल. तुला काय दिसनार?"

तो प्रश्न नव्हता. धनगराला फासावर देतील, हे मला समोर दिसत होतं. बोलायचं कुणी तर मीच, कारण ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी सगळ्यांनी पारावर शब्द दिला होता. आणि बोलले तर फासावर जायचे ते मामंजी, ज्यांनी मला या घरात आणलं आणि मानानं वागवलं. मी चुलीपाशी जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. संध्याकाळी मी यजमानांना सांगितलं, मी पाहिलंय, फौजदार आले की मी सांगणार.

त्यांनी मला तिथंच धरून मारलं. हातानं मारलं, मग सरपणातल्या फाट्यानं मारलं. फाटा मोडला तेव्हा लाथा घातल्या. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्या "तोंडावर नगं मारू" एवढंच म्हणाल्या, माझ्या काळजीनं की चार लोकांत दिसेल म्हणून, ते देव जाणे. मला वैरणीच्या खोलीत घालून कडी लावली. फौजदार आले, धनगराला घेऊन गेले. मी आतून ओरडले तर बाहेर कुणीतरी ढोल बडवायला घेतला. शिमग्याचा ढोल, कुणाला शंका येणार?

खुनाची बातमी भोरला पोचली आणि आबा गाडी जुंपून आले. वैरणीच्या खोलीतून मला त्यांचा आवाज ऐकू आला. अंगणात सगळ्यांनी मिळून त्यांना हकिकत सांगितली. धनगर दारू प्याला, धनगराचं डोकं फिरलं, धनगरानं घाव घातला. शेवटी आबा म्हणाले, लेकीला भेटतो. मला डोक्यावरून पदर ओढून आणली आणि सांगितलं, दळताना चक्कर येऊन जात्यावर पडली.

आबांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. मास्तरी आवाज होता, गेले. मग त्यांनी माझा पदर मागं केला. माझा एक डोळा मिटलेला होता, ओठ फाटला होता. त्यांनी दोन्ही हातांत माझा चेहरा धरला. हे तेच हात होते ज्यांनी माझ्या पेरांवर छडी मारली होती, आणि खरं सांगते, त्या क्षणीही मला ते आठवलं.

ते समोर जमिनीवर बसले. म्हणाले, "बाहेर सगळ्यांनी मला सांगितलं. आता मी तुला विचारतो. तू काय पाहिलंस?"

आबांनी जन्मात मला जेवढे प्रश्न विचारले होते, त्यांची उत्तरं त्यांना आधीच ठाऊक असायची. याचं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते आणि थांबले होते.

मी सांगितलं.

"धूर होता ना?"

"वारा खालच्या आळीकडं होता. मी वरच्या अंगाला होते."

त्यांनी मान हलवली. मी म्हणाले, "आबा, मी बोलले तर मामंजी जातील. त्यांनी मला पोरीसारखं ठेवलंय. मी काय करू, सांगा."

"मी नाही सांगणार," आबा म्हणाले. "मी तिथं नव्हतो. तू होतीस."

मी उठले आणि लुगडं नीट केलं.

चार दिवस माहेरी नेतो असं सांगून आबांनी मला गाडीत बसवलं. मामंजी नुसते बघत होते, अडवलं नाही. पण गुंजवणीच्या उतारावर गाडी पाण्यात घातली आणि मागून माणसं आली. वरच्या आळीची आणि खालच्या आळीचीही. जन्मभर एकमेकांची डोकी फोडणारे ते लोक त्या दिवशी खांद्याला खांदा लावून आले होते, त्यांच्यात माझे यजमानही होते. आधी दगड आले. एक बैलाच्या डोळ्यावर बसला, बैल उधळला आणि गाडी कलंडली. मी पाण्यात पडले. एकानं माझे केस धरून मला खाली दाबलं, नाकातोंडात पाणी आणि वाळू गेली. आबांनी त्याला माझ्या अंगावरून ढकललं. मग यजमानांची काठी माझ्या डोक्यावर येताना आबांनी उजवा हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज पाण्याच्या आवाजातही ऐकू आला. त्यांनी तो लोंबता हात तसाच पुन्हा वर केला आणि दुसरा घावही त्याच हातावर घेतला.

नसरापूरच्या बाजारातून माघारी येणाऱ्या गाड्या उतारावर आल्या म्हणून आम्ही वाचलो. गाडीवाले ओरडत आले तशी ती माणसं पांगली. आबांनी हाडवैद्याकडे जायला नकार दिला. आधी कचेरी, मग हात. गाडीवाल्यांतल्या एकानं आम्हाला आपल्या गाडीत घेतलं; भोरपर्यंत ते दात आवळून बसले होते आणि मी ओल्या अंगानं त्यांचा हात मांडीवर धरून बसले होते. इतका वेळ त्यांचा हात मी कधीच धरला नव्हता.

कचेरीत मी दिलेल्या जबानीवरून मामंजींवर खटला उभा राहिला तेव्हा त्यांच्या वकिलानं मला पुष्कळ फिरवलं. धूर होता ना? होता. संध्याकाळ होती ना? होती. सासरी जाच होता ना? आता आहे, म्हटलं, तेव्हा नव्हता. लोक हसले, न्यायाधीश हसले नाहीत. मी सगळं सांगितलं, पोळीवरच्या टाचेच्या ठशासकट. मामंजींकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? मामंजी उभे राहिले. कपाळावरची खूण चोळत होते.

"ती दिसलं म्हनती," ते म्हणाले, "तर दिसलंच आसंल."

धनगर सुटला. मामंजींना जन्मठेप झाली आणि पुढं ते तुरुंगातच वारले. ती बातमी आली त्या दिवशी मी बापाचं सुतक धरावं तशी बसले होते. मला कुणी म्हटलं की तू न्याय केलास, तर मला त्या माणसाचं तोंड धरून आपटावंसं वाटतं. मी न्याय केला नाही. मी पाहिलं होतं ते सांगितलं आणि त्यात मला जीव लावणारा एक माणूस गेला.

यजमानांनी दुसरं लग्न केलं. मी भोरलाच राहिले, मुलींना शिकवायला लागले. आबांचा हात वाकडा जुळला. छडी उचलता येईना. पोरांना सुटल्यासारखं झालं, आणि आबांनाही हळूहळू झालं असावं, कारण ओसरीवर पूर्वी जिथं रडणं ऐकू यायचं तिथं वाद ऐकू यायला लागले. कधी एखाद्या पोरानं आगाऊ प्रश्न विचारला की ते आतल्या दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, बघायचे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. पण भाकरीचा तो जुना राग माझ्याजवळ उरला नव्हता.

धनगर वर्षा-दोन वर्षांनी बाजाराला शेळ्या घेऊन आला की आमच्या दारात बसायचा, भाकरी खायचा. खोकला तसाच होता. मारानं एका कानानं ऐकू येणं बंद झालं होतं.

स्वातंत्र्याच्या थोडं आधीची गोष्ट. असाच तो ओसरीच्या कडेला भाकरी खात बसला होता आणि वेल्ह्याकडची एक बाई डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन आली. ती मापटं भरत असताना मी सहज कुठल्या गावची म्हणून विचारलं, तर तिनं माझ्या सासरच्या शेजारचं गाव सांगितलं. मला ती ओळखत नव्हती. वयानंही लहान होती.

"तिकडं होळीला खून पडला होता म्हणे," मी म्हणाले.

"व्हय की!" तिला गोष्ट सांगायची हौस आली. "येका धनगरानं कारभाऱ्याचा ल्योक मारला. पयल्या पोळीचा मान त्यांचाच, पयल्यापासनं. मग एक शिकलेली सून हुती, तिनं सासऱ्यावर बालंट घेतलं, म्हातारा बिचारा तुरुंगात मेला. पर देव सोडतोय व्हय? त्या धनगराला फाशी दिली. हितंच, भोराला."

धनगर चावायचा थांबला. त्यानं बरा कान आमच्याकडे केला होता.

"फाशी दिली?" मी विचारलं.

"दिली म्हंजी? समद्या खोऱ्याला ठावं हाय."

धनगरानं पाण्याचा तांब्या उचलला, घोट घेतला आणि गळ्यावरून हात फिरवला. "व्हय व्हय, दिली," तो म्हणाला. "लई दुकलं तवा." आणि इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. बाईला काही कळेना.

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मामंजींचा तो चेहरा, आबांचा हात, वाळूचं पाणी, सगळं त्या दोन वाक्यांत पुसून टाकून ही बाई करवंदं मापत होती. पाटी उलथून द्यावी असं वाटलं. मी तिचं मनगट धरलंसुद्धा. ती घाबरली.

मग आतून आबांचा आवाज आला. ते आता फार म्हातारे झाले होते, दारापर्यंत येत नसत.

"तिला विचार," ते म्हणाले. "तिनं पाहिलं होतं का?"

मी तिचं मनगट सोडलं. विचारलं.

"न्हाई वो," ती म्हणाली. "म्या कशी बगनार? तवा म्या पाळण्यात आसंन. सगळी म्हनत्यात त्ये सांगितलं." आणि मग, इतक्या वर्षांत त्या खोऱ्यातल्या एकाही माणसानं मला जे विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं. "का वो ताई? तुमी हुता का तितं?"

"होते," मी म्हणाले. "पाटी खाली ठेव आणि बस."

ती धनगराच्या शेजारी बसली, आणि मी पोळी लाटल्यापासून सांगायला सुरुवात केली.